परड्यातला वास बरणीत

बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या जुन्या घरामागं परडं आहे. विहिरीच्या कडेला गवती चहाचं बेट आहे आणि त्याच्या पायाशी पुदिना पसरलाय. भिंतीलगत पानओवा, सब्जा आणि आपोआप उगवलेल्या चार-पाच तुळशी आहेत. या सगळ्यांवर सावली धरणारं एक पेरूचं झाड आहे. पावसाळा संपेपर्यंत गवती चहा कमरेच्या वर जातो. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी तो कापतो, पेंढ्या बांधून गल्लीत वाटतो आणि उरलेली पात सावलीत वाळवून डब्यात भरतो. वाळलेल्या पातीलाही वास असतो, पण ओली पात तळहातावर चुरगळली की नाकात जे शिरतं ते डब्यात कधीच सापडलं नाही. यंदा मनात आलं, हा ओला वास धरून ठेवायचा. त्यासाठी जेली करून बघायची.

जेलीच का, तर पंचवीसेक वर्षांपूर्वी कॅम्पात एका स्नेह्यांच्या घरी मटणाबरोबर पुदिन्याची जेली खाल्ली होती. काचेच्या वाटीत हिरवीगार, थरथरणारी. तिची चव जिभेवर राहून गेली होती.

पहिल्या खेपेला मी सरळ विचार केला. चार जुड्या पुदिना, पाणी, साखर, लिंबू. तासभर आटवलं. हाती आला शेवाळाच्या रंगाचा कडवट पाक, आणि तो दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवूनही पाकच राहिला. वैनी ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. आमच्या घरातला स्वयंपाक चाळीस वर्षं त्यांच्या हातचा. त्यांनी चमचा घालून बघितला आणि विचारलं, "भावजी, ह्यात धरून ठेवणारं काय घातलाय तुम्ही?"

काहीच घातलं नव्हतं. पानांत वास असतो, रंग असतो, पण जेली बांधून ठेवेल असं पेक्टिन त्यांच्याकडून मिळत नाही. ते मिळतं फळांतून. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा हा पदार्थ गरम पाण्यात सुटून येतो. मग साखर त्याच्या भोवतालचं पाणी ओढून घेते, लिंबाच्या आंबटपणामुळं त्याचे धागे एकमेकांना दूर ढकलायचे थांबतात, आणि त्या धाग्यांची जाळी तयार होऊन रस तिच्यात अडकून बसतो. पेक्टिन, साखर, आंबट, या तिन्हींतलं एक जरी कमी पडलं तरी पाकच. बाजारात पेक्टिनची पूड मिळते, पण डोक्यावर पेरू लगडलेला असताना पूड कशाला आणायची? पेरूत पेक्टिन भरपूर, त्यातही सालीत आणि बियांच्या गाभ्यात. पिकून मऊ झालेल्या पेरूत ते कमी होतं. म्हणून नुकते पिवळसर होऊ लागलेले, बोटानं दाबून न दबणारे पेरू घ्यायचे. त्यात एखादा पूर्ण पिकलेला असावा, वासासाठी.

दुसऱ्या खेपेला दोन किलो पेरू धुतले आणि साल-बियांसकट पातळ चकत्या केल्या. चकत्या जेमतेम बुडतील एवढं पाणी आणि एका लिंबाचा रस घालून मंद आचेवर पाऊण तास शिजवले. ढवळायचं, पण घोटायचं नाही. मग दोन पदरी मलमलचं फडकं पातेल्यावर टाकून सगळं त्यात ओतलं, चारी टोकं बांधली आणि गाठोडं झोपाळ्याच्या कडीला लटकवलं. रात्रभर खाली थेंब पडत होते. सकाळी पातेल्यात सव्वा लिटरच्या आसपास रस होता, फिकट गुलाबीसर आणि आरपार दिसेल इतका नितळ. गाठोडं अजून ओलं होतं. माझ्यानं राहवलं नाही, मी ते पिळलं. अर्धी वाटी रस जास्त मिळाला आणि सगळाच्या सगळा गढूळ झाला. तेव्हापासून फडक्याला हात लावत नाही. उरलेल्या चोथ्याच्या वैनी साखर घालून वड्या थापतात, त्यामुळं वायाही काही जात नाही.

रसात पेक्टिन किती उतरलंय ते कळायला एक सोपी परीक्षा आहे. गार केलेला चमचाभर रस काचेच्या छोट्या भांड्यात घ्यायचा, त्यात दोन चमचे स्पिरिट घालून हलकेच फिरवायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. एकच घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर. दोन-तीन तुकडे झाले तर मध्यम. नुसते बारीक कण तरंगले तर रस अजून आटवायला हवा. ही परीक्षा झाली की ते भांड्यातलं ओतून टाकायचं आणि भांडं घासून बाजूला ठेवायचं. स्पिरिट विषारी असतं, त्यामुळं ते चाखायचं नाही आणि रसातही परत मिसळायचं नाही. आमच्या पेरूचा अख्खा एक गोळा झाला. झाडाकडं वर बघून मला खरंच भरून आलं. माझ्या वडिलांनी लावलेलं झाड ते.

आता खरी अडचण सुरू झाली. जेली कधी झाली हे ओळखायचं कसं? सगळीकडं लिहिलेलं असतं, १०५ अंश सेल्सिअसला उतरवा. लेकीनं दिलेला लांब दांड्याचा थर्मामीटर घरात होता. पातेल्यात रस आणि साखर खळखळू लागली, पारा १०० वर आला, १०२ वर आला, मग अडून बसला. मी आच वाढवून चिकाटीनं १०५ वर नेला. तोवर बुडबुडे जाड झाले होते आणि करपल्या साखरेचा वास येऊ लागला होता. दुसऱ्या दिवशी बरणीत चमचा शिरेना. जेली कसली, चिक्कीचा पाक. पुढच्या खेपेला साखर कमी घेतली, पुन्हा १०५ वर नेलं, पुन्हा तेच. दोन किलो पेरू आणि दीड किलो साखर गेली, आणि मन फार खट्टू झालं.

मग एका सकाळी चहाचं आधण ठेवलं असताना सहज थर्मामीटर त्यात धरला. पाणी खदखदा उकळत होतं आणि आकडा साडेसत्त्याण्णव. वाटलं, यंत्र बिघडलंय. दुसरा थर्मामीटर आणला, तोही साडेसत्त्याण्णववरच थांबला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे. उंची हजार फुटांनी वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू जवळजवळ एका अंशानं उतरतो. इथं पाणी शंभराला उकळतच नाही. आणि जेलीचं गणित पाण्याला बांधलेलं आहे. साध्या पाण्याच्या उकळीपेक्षा साडेचार-पाच अंश वर गेलं की पातेल्यात साखर सुमारे ६५ टक्के झालेली असते, आणि हीच जेलीची वेळ. चोर्ला घाट उतरून पणजीला गेलात तर ती १०५ ला येईल. आमच्या अनगोळात ती १०२ ला येते. पारा १०२ वर अडून बसला होता, तेव्हा जेली झाली होती.

ज्याला हे करायचं आहे त्यानं आधी आपल्या घरातलं पाणी उकळून आकडा बघावा, एवढं एकच सांगणं मी अगदी हात धरून सांगेन. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ९७.५ आणि खाली १०२.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पळीभर रस वर उचलून तिरका धरायचा. आधी थेंब सुटे पडतात, मग दोन थेंब कडेला एकमेकांत मिसळून पदरासारखे लोंबतात आणि एकदम तुटून खाली येतात. ती वेळ. दुसरी खूण फ्रिजमधल्या गार ताटलीवर. थेंब टाकून मिनिटभरानं बोटानं सरकवला की सुरकुती पडली पाहिजे. मला सगळ्यात खात्रीचा वाटला तो वजनकाटा. माझं रिकामं पातेलं ९२० ग्रॅमचं. साखर ८०० ग्रॅम घातली तर तयार जेली साधारण १२३० ग्रॅम भरली पाहिजे, म्हणजे साखरेच्या दीडपटीहून थोडी जास्त. काट्यावर लाकडी पाट ठेवून, त्याचं वजन वजा करून, पातेल्यासकट २१५० दिसलं की गॅस बंद.

या आकड्यांनी जेली छान बसली. पण वास? वास नव्हता. मी गवती चहाची पात पहिल्यापासून रसात उकळत ठेवली होती. घर दरवळत होतं, गल्लीतून जाणारा माणूस थांबून विचारत होता. वैनी म्हणाल्या, "सगळा वास घरातच आला की भावजी, बरणीत काय ऱ्हायला?" अगदी खरं होतं. गवती चहाचा लिंबासारखा वास, तुळशीचा लवंगेसारखा, पुदिन्याचा थंडावा, ही सगळी उडून जाणारी तेलं. तासभर उघड्या पातेल्यात उकळली की वाफेबरोबर निघून जातात आणि मागं गवताचा कडवटपणा राहतो.

म्हणून आता मी वास दोनदा घालतो. सकाळी दव वाळलं की पात कापतो. हातमोजे घालतो, कारण गवती चहाच्या पातीची धार बोटं कापते. शंभर ग्रॅम पात कात्रीनं बारीक करून त्यावर ३०० मिली उकळतं पाणी ओततो आणि झाकण ठेवून वीस मिनिटं तसंच राहू देतो. पुदिन्याला दहाच मिनिटं, त्याहून जास्त झालं तर तो कडवट उतरतो. पुदिन्याची फक्त पानं घ्यायची, देठ नाही, आणि तुरे यायच्या आधीची. हे गाळलेलं पाणी आणि एक लिटर पेरूचा रस पसरट पातेल्यात एकत्र करून उकळी आणतो आणि मग ८०० ग्रॅम साखर घालतो. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, त्यानंतर ढवळणं बंद आणि आच मोठी. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. उतरवायच्या जरा आधी दोन लिंबांचा रस. गॅस बंद केल्यावर वरचा फेस वाटीत काढून घेतो. मग ताज्या पातीची दोऱ्यानं बांधलेली, लाटण्यानं जराशी ठेचलेली जुडी त्या गरम जेलीत तीन-चार मिनिटं बुडवून ठेवतो आणि उचलतो. शेवटी घातलेल्या या जुडीनं सगळा फरक पडला. पहिली बरणी उघडली तेव्हा कार्तिकातलं परडं ओट्यावर आलं.

एका वेळी एवढाच घाणा करावा. दुप्पट केलं तर आटायला दुप्पट वेळ लागतो, आंबट रसात फार वेळ उकळून पेक्टिनचे धागे तुटतात आणि जेली बसतच नाही. हेही मी करून बघितलं आहे. सहा बरण्या पाक झाला होता, तो सरबतात संपवला.

फेस मात्र टाकायचा नाही. घरातली पोरं तो गरम चपातीवर लावून खायला टपलेली असतात.

बरण्या काचेच्या, पाण्यात दहा मिनिटं उकळून, उलट्या ठेवून कोरड्या केलेल्या. जेली भरताना बरणी गरम हवी, नाहीतर तडकते. गळ्यापर्यंत भरून लगेच झाकण घट्ट लावायचं आणि चोवीस तास हलवायचं नाही. तिरकी करून बघायचा मोह मला फार होतो, तो आवरतो. बेळगावचा पाऊस आणि हवेतला ओलावा सगळ्यांना ठाऊक आहे. आषाढात बंद डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं. म्हणून उघडलेली बरणी थेट फ्रिजमध्ये, आणि चमचा कोरडाच.

रंगाबद्दल मला सांगितलंच पाहिजे, कारण मी त्या हिरव्यागार वाटीच्या आठवणीनं सुरुवात केली होती. माझी पुदिन्याची जेली मधाच्या रंगाची झाली, थोडी तांबूस झाक असलेली. पानाचा हिरवा रंग उष्णतेत आणि आंबटात टिकत नाही. त्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि तो खाकी होतो. हिरवीगार हवी असेल तर खायचा रंग घालावा लागतो. मी घातला नाही. उन्हात बरणी धरली की तिच्यातून पेरूचं झाड दिसतं, मला तेवढं पुरे.

भिंतीपलीकडं अक्का राहतात, घरात कन्नड बोलणाऱ्या, आमच्याशी मराठी. त्यांना गवती चहाची बरणी दिली तेव्हा हुंगून म्हणाल्या, "मज्जिगे हुल्लु!" मज्जिगे म्हणजे ताक, हुल्लु म्हणजे गवत. ज्या पातीला आम्ही चहाचं नाव दिलं, तिला भिंतीपलीकडं ताकाचं नाव. पानओव्याला त्या दोड्डपत्रे म्हणतात आणि त्याची ताकातली तंबुळी, म्हणजे पातळसं कालवण, करतात. त्यांच्याच आग्रहानं पानओव्याची जेली केली. पहिल्यांदा वीस पानं घेतली आणि ती खोकल्याच्या औषधासारखी झाली, इतका त्या पानाचा ओव्याचा वास उग्र. पुढं एक लिटर रसाला पाच पानं, तीही फक्त शेवटच्या जुडीत, असं केल्यावर बेत जमला. अक्का ती ज्वारीच्या भाकरीला लावतात, वर थोडं लोणी.

तुळशीची जेली करताना वैनींनी अट घातली. वृंदावनातल्या तुळशीला हात लावायचा नाही, विहिरीकडच्याच घ्यायच्या, आणि द्वादशीला किंवा संध्याकाळी तोडायच्या नाहीत. तसंच केलं. तुळशीला लिंबापेक्षा कोकमाचा आंबटपणा जास्त शोभतो असं माझं मत झालंय. मीठ न लावलेली कोकमं पेरूबरोबरच शिजवली की रंगही माणकासारखा येतो. या जेलीचा चमचा गरम पाण्यात ढवळून वैनी सकाळच्या थंडीत पितात.

गूळ वापरून बघितला. आमचा सगळा पट्टा उसाचा, चिकोडीपासून अथणीपर्यंत उसाची शेतं, तेव्हा गुळाची जेली झाली तर किती छान असं वाटलं होतं. चव वाईट नव्हती, पण ती फक्त गुळाची होती. गवती चहा कुठं गेला कळलंच नाही, आणि जेली काळपट, गढूळ. अशा हळुवार वासाला पांढरी साखरच हवी. पुदिन्याला मात्र एक जोडीदार सापडला. उकळताना एक सुकी संकेश्वरी मिरची अख्खी टाकायची आणि उतरवण्याआधी काढायची. सुक्या मटणाबरोबर ती जेली वाढली तेव्हा मला कॅम्पातली ती वाटी आठवली, आणि माझी जास्त आवडली.

आता फेब्रुवारी आहे. पेरू संपले. फडताळात गवती चहाच्या तीन, तुळशीची एक आणि पुदिन्याच्या दोन बरण्या उरल्यात. प्रत्येकीवर तारीख आणि पानाचं नाव लिहिलंय. उन्हाळ्यात पेक्टिन कुठून आणायचं याचं उत्तर वैनींकडं होतं. त्यांचं माहेर खानापूरकडचं. एप्रिल-मे महिन्यांत जांबोटीच्या बाजूनं बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन येतात. करवंदात पेक्टिनही आहे आणि आंबटही, लिंबूसुद्धा लागायचं नाही. अर्धी कच्ची, अर्धी पिकलेली हवीत, आणि कच्च्यांचा चीक आधी पाण्यात काढावा लागेल. त्यात सब्जाची पानं घालायचं ठरलंय. सब्जाच्या दोन कुंड्या मी विहिरीच्या कठड्यावर सावलीत हलवून ठेवल्यात, तोवर तगाव्यात म्हणून.